गालावरची हळद

आई,

रविवार, दुपार. तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. आज लिहितेय, कारण परवापासून मी सुन्न आहे.

गेले काही महिने माझ्या उजव्या गालातून करंट जायचा. दात घासताना, रिक्षात वारा लागला की. उल्हासनगरच्या नसांच्या डॉक्टरांनी कापूस गालावरून नुसता फिरवला आणि विचारलं, "दाँत तो नहीं निकलवाए ना? बहुत लोग निकलवा के आते हैं." मला खुर्चीतच तू आठवलीस. तुझे त्या बाजूचे सगळे दात काढले होते, तरी तू पदर गालापासून लांब धरूनच बसायचीस. डॉक्टर सांगत होते, दात चांगले असतात, दुखते ती चेहऱ्याची नस. आधी गोळ्या, हळूहळू वाढवायच्या, मधून रक्त तपासायचं. नाहीच भागलं तर सुईने नस बधिर करतात, किंवा कानामागून ऑपरेशन करून नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करतात. मी विचारलं, माझ्या आईच्या वेळी होती का ही गोळी? "थी ना. बहुत पुरानी दवा है."

गोळ्या सुरू केल्या, आणि परवा सकाळी तोंडावर पाणी मारलं तर करंट आलाच नाही. नळ वाहत राहिला, मी तशीच उभी.

मग बुवापाड्यातला मांडव आठवला. दादाची हळद. बेंजो वाजतोय, आत्या दोन्ही हात भरून तुझ्या गालांकडे येते. तू किंचाळून तिचे हात उडवतेस. हळद तिच्या नव्या साडीवर. "वयनी, माजी हलद चालत नाय तुला? मोठी आली वरमाय!" आत्या न जेवता आपल्या घरी मांजर्लीला निघून गेली. खरं कारण तू कुणाला सांगणार? दात काढूनही दुखतं म्हटलं की घरात सगळे ढोंग म्हणायचे.

तुझं दुखणं हेच होतं, असं मी छातीठोकपणे कसं म्हणू? योग्य माणसाने तुला तपासलंच नाही. पण आत्या अजून प्रत्येक लग्नात सांगते, "हिच्या आयशीनं माजी हलद झिरकारली." पुढच्या आठवड्यात दादाच्या मुलाची हळद आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? एक मात्र कबूल करते. गोळी लागू पडलीय, तरी कुणाचा हात गालाकडे आला की मी अजून मागे सरते.

उद्या: मांजर्लीला जाऊन आत्याला आईच्या गालाचं सांगणे.