ओ कुणी द्यायची

१२ नोव्हें. ८६, बुध.
हेडसरांचा फतवा. गॅदरिंगला फिल्मी गाणी बंद. आमच्या वाद्यवृंदानं "काहीतरी निर्मळ" वाजवावं म्हणे. गणपतीपासूनची प्रॅक्टिस पाण्यात. दिल्या बोंगो आपटून घरी गेला.
संध्याकाळी विजूमामाची कॅसेट आठवली. मामा बोटीवर असतो, जपानच्या बंदरातून आणलेली. सगळी कार्टूनची गाणी. तिकडे ॲनिमे म्हणतात.

१४ नोव्हें., शुक्र.
हेडसरांना विचारलं, कार्टूनचं चालेल? "लहान मुलांचं ना? मग चालेल." शब्द आम्हालाच कळत नाहीत, त्यांना काय कळणार.
आमच्या घरी बसलो. मी (कॅसिओ), दिल्या, उमी (गाणार). पहिलं गाणं रोबोटचं, नुसते ट्रंपेट. शाळेत स्काउटचा एक बिगुल, तोही चेपलेला. बाद. दुसरं कुत्र्याच्या पिल्लाचं. दिल्याला रडू आलं, कबूल करत नाही. बाद. तिसरं लागलं आणि दिल्यानं आवाज वाढवला. कुणीतरी बाई लांब कुणाला तरी बोलावतेय. "उमी यो... उमी यो, काएशिते..."
दिल्या म्हणाला, "आयला, उमी ये म्हणतेय. तुलाच हाक मारतेय."
उमी हसली. मग म्हणाली, परत लाव ना.
ठरलं. आम्ही दोघांनी कोरसनं हाक मारायची आणि उमीनं हॉलच्या मागून "ओऽ" द्यायची. ही माझी आयडिया, मूळ गाण्यात नाही. करून बघितलं. झकास. अंगावर काटा आला.

२३ नोव्हें., रवि.
होडीनं गोराईला. गॅदरिंगला उशीर होईल, म्हणून उमीच्या घरी विचारायला. तिचे बाबा जाळं शिवत होते. आई नाही तिला, आजी आहे. आजी वाळलेले बोंबील काढत होती वलांडीवरून, बांबूच्या मांडवावरून. म्हटलं, ऐका तरी. आम्ही हाक मारली, उमीनं ओ दिली.
आजीनं हातातले बोंबील खाली ठेवले. "दर्यावरशी हाक आयली तर पयल्या हाकेला ओ द्यावाची नाय. माणूस असंल तर परत हाक मारील."
दिल्यानं विचारलं, आणि दिली तर?
"तर त्याला घर कळतं."
कुणाला, ते विचारायची हिंमत झाली नाही. उमीचे बाबा मात्र खदखदा हसले. "गानं गाव दे गो पोरीला. मी येतंय ना ऐकाया." उद्या बोट घेऊन जाणार, गॅदरिंगच्या आधी परत.

२७ नोव्हें., गुरु.
मामा सुट्टीवर आलाय. त्याला आमच्या प्रॅक्टिसची टेप ऐकवली, वाटलं शाबासकी मिळेल.
"उमी म्हणजे दर्या रे," मामा म्हणाला. "आणि यो म्हणजे आपण 'अगो' म्हणतो ना, तसा."
मी विचारलं, काएशिते?
"परत दे. मी चुकीचो शर्ट घेतलंय, तो दुकानात परत करूक गेलंय, तेव्हा शिकलंय."
हसलो. मग जेवताना लक्षात आलं. म्हणजे आम्ही दोघं दर्याला हाक मारतो आणि उमी त्याच्या जागी ओ देते. दिल्याला सांगितलं. तो म्हणाला, आता गाणं बदललं तर वाट लागेल यार, फळ्यावर नाव लागलंय. उमीला सांगू नको.

१ डिसें., सोम.
शनिवारपासून वारा. बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय, रेडिओवर सारखं सांगतायत, मच्छीमारांनी जाऊ नये. जे गेलेत त्यांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही. गोराईच्या बाकीच्या बोटी आल्या. उमीच्या बाबांची नाही.
उमी प्रॅक्टिसला आली. मला वाटलं येणारच नाही. मी म्हटलं, आपण कुत्र्याचं गाणं घेऊ. का, म्हणाली. सांगून टाकलं सगळं. तिनं कॅसेट मागे फिरवून गाणं सुरुवातीला आणलं.
"मग हाक मी मारणार. ओ तुम्ही द्यायची."
"उमी, नको गं."
"मला बाबांना परत मागायचंय."
मला भीती वाटतेय. कशाची, ते धड सांगता येत नाही.

५ डिसें., शुक्र.
गॅदरिंग झालं, वाऱ्यामुळे दुपारीच. बोटीची खबर नाही. पहिल्या रांगेत उमीची आजी, शेजारची खुर्ची पदरानं अडवून ठेवलेली.
उमीनं हाक मारली. असा आवाज मी तिचा ऐकलाच नव्हता. आम्ही ओ द्यायची होती. मी तोंड उघडलं, समोर आजी दिसली, आवाजच फुटला नाही. दिल्या खाली मान घालून बोंगो धरून बसला. तिनं परत हाक मारली. परत काही नाही. लोकांना वाटलं गाणंच असं आहे, टाळ्या वाजवल्या. हेडसर म्हणाले, फार निर्मळ.
दुपारनंतर गोराईची होडीही बंद. दोघींना आमच्याकडे आणलंय. शाळेच्या शिपायाला पत्ता सांगून ठेवलाय, उमीचे बाबा आलेच तर पाठव म्हणून.
आईनं आत्ताच देवाजवळ दिवा लावला. मी कोपऱ्यात हे लिहीत—

खालून हाक आली. "उमीऽ." पुरुषाचा आवाज. वाऱ्यात कुणाचा ते कळत नाही. उमी उठून दाराकडे धावली. आजीनं तिला धरलंय, तोंडावर हात ठेवलाय. मामा खिडकीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.
सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघतोय.