ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं

३ नोव्हेंबर, सोमवार

वर्ष संपायला आल्यावर कुणी रोजनिशी सुरू करतं का, असं बायकोने विचारलं. करतं. ज्याचे दिवस पालटतात तो करतो.

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे फोरमन महिनाअखेर रिटायर होतायत. जागा मला! अट एकच. वीस तारखेला सबस्टेशनच्या यार्डात जुने इन्सुलेटर बदलायचे आहेत, त्या दिवशी गँग मी चालवायची. वेळेत काम उरकायचं, वेळेत लाइन चालू करायची, बस. साहेबांनी विचारलं, जमेल ना? सगळी नोकरी हाय व्होल्टेजवर काढलेल्या माणसाला हा प्रश्न! पण साहेब नवीन आहेत, सोडून दिलं.

मग म्हणाले, उन्हाळ्यातल्या त्या प्रकारानंतर तुम्ही नक्की बरे आहात ना? म्हटलं, साहेब, भाजला माझा साडू. मला साधा ओरखडा नाही.

संकल्प: रोज लवकर उठणे. साहेबांसारखं हळू बोलणे. चहा कमी.

४ नोव्हेंबर

तो प्रकार एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपेल. लाइन आम्ही रीतसर बंद केली होती. साडू अर्थिंगची, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी, साखळी टाकायला वर गेला होता, मी खाली. वीज गेली म्हणून कुठल्याशा कारखान्याने आपला जनरेटर लावला आणि ती वीज उलटी आमच्या बंद लाइनवर आली. उजेड झाला. साडू पट्ट्याला लटकत राहिला. मी खाली उभा होतो. चूक आमची नव्हती, चौकशीतही तेच निघालं.

साडूचा हात कोपरापर्यंत भाजला. कातडी लावली. आता तो पुन्हा खांबावर चढतो आणि त्याच हाताने सगळ्यांना टाळ्या देतो. पण मी त्याला ओळखतो. गडी आतून पार खचलाय. हल्ली हसतो फार. फोरमन झालो की पहिलं काम, साडूला सांभाळणे.

विषय संपला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाथरूमचा बल्ब गेला. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टर लावून बघितला, पुन्हा बघितला. घरच्यांना गॅलरीत उभं केलं. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती म्हणे. आधी सांगायला नको?

बायको म्हणाली, बल्ब बदलायला कुणी बिऱ्हाड बाहेर काढतं का? शिस्त ही सांगून कळत नाही.

बल्ब झटक्यात बदलला. फ्यूज परत बसवायला मात्र थोडा वेळ गेला, कारण सगळे गॅलरीतच आहेत ना याची खात्री करत होतो. शेवटी बायकोने माझ्या खिशातून काढून स्वतःच बसवले. बायकांना दम म्हणून नाही.

११ नोव्हेंबर

आज वीज बंद न करता चालू लाइनवर चढायची पाळी माझी होती. हवा दमट वाटली, काम रद्द करा म्हटलं. दमट हवेत चालू लाइनला हात लावत नाहीत, हा नियमच आहे. साडू म्हणाला, ओठ फुटलेत सगळ्यांचे इतकी कोरडी हवा आहे. दमटपणा ओठांनी मोजत नाहीत, असं त्याला शांतपणे सांगितलं. परवा वारा होता. त्याच्या आधी माझ्या बुटाच्या तळाला चीर होती. ती आता दिसत नाही, पण होती.

माझ्याऐवजी शेवटी साडूच चढला. त्याचा आत्मविश्वास परत यावा म्हणून मी त्याला संधी देतोय. हे त्याला कळू दिलेलं नाही.

गँगमधले मला पाठीमागे ‘उद्यासाहेब’ म्हणतात, असं कळलं. म्हणजे उद्याचा साहेब. प्रमोशनची बातमी फुटली वाटतं.

चहा: कमी करायचा आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुणी येऊन गेली. स्वयंपाकघरात दोघी बहिणींची कुजबुज. नंतर बायकोने विषय काढला. साडूला म्हणे माझी काळजी वाटते. मी झोपेत कुणाला तरी ‘खाली ये, खाली ये’ म्हणतो, हेही तिने त्याच वेळी सांगून घेतलं. मी म्हटलं, मांजराला म्हणत असेन. तर म्हणे, आपल्याकडे मांजर कुठाय?

माणूस आपली भीती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो ती ही अशी. साडूची मला खरंच दया आली.

१७ नोव्हेंबर

कंपनीच्या दवाखान्यात एक बाई बसतात. मनातलं बोलायचं असेल तर त्यांच्याकडे जायचं. साडू जातो. आज म्हणाला, साडूभाऊ, चला ना माझ्याबरोबर, एकट्याला कंटाळा येतो. गेलो, बिचाऱ्याला तेवढाच आधार.

बाईंनी सगळे प्रश्न मलाच विचारले. साडू खिडकीतून बाहेर बघत बसला. डोळे मिटल्यावर काय दिसतं, असं विचारलं. म्हटलं, डोळे मिटल्यावर कुणाला काय दिसणार? त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात एकटे या म्हणाल्या. साडूबद्दल खासगीत विचारायचं असणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या.

तयारी पूर्ण. एक गोष्ट गँगला पुन्हा समजावून सांगितली. सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगितली. लाइन बंद केली की यार्डातल्या आयसोलेटरच्या, म्हणजे लाइन तोडायच्या-जोडायच्या मोठ्या स्विचच्या, दांड्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. काम संपलं की आपलं आपण काढायचं. ज्याचं कुलूप त्यानेच. एक जरी कुलूप राहिलं तरी लाइन चालू होत नाही, मग मंत्र्याचा फोन येवो. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. तोडायची वेळ एकच, माणूस जागेवर सापडत नसेल तेव्हा. तेही साहेबांनी, कंट्रोल रूमला कळवून. माझ्या सगळ्या नोकरीत आमच्याकडे कुणाचं कुलूप तुटलेलं नाही.

माझ्या कुलपात तेल घातलं. मस्त फिरतंय. हातही स्थिर आहे. वरचं अक्षर वाकडं आलंय ते पेनमुळे.

२० नोव्हेंबर, दुपारी, डब्याच्या सुट्टीत

झकास! सकाळी लाइन बंद, तपासणी, साखळ्या, कुलपं, सगळं बिनचूक. मी खाली उभं राहून लक्ष ठेवलं. गँग चालवणाऱ्याने वर चढायचं नसतं. साडू वर शीळ घालत काम करत होता. त्याला दोनदा खाली बोलावलं. काही काम नव्हतं, सहज.

चारला लाइन चालू करायची. साहेब येऊन बसलेत. डबा तसाच आहे, भूक नाही.

२१ नोव्हेंबर

काल नंतर लिहिणं झालं नाही.

काम वेळेआधीच झालं. सगळे खाली आले, साखळ्या निघाल्या. एकेकाने आपलं कुलूप काढलं. माझं राहिलं. मी माणसं मोजली. सगळी होती. म्हटलं, पुन्हा मोजू. पुन्हा सगळी होती. साडू कुठाय, विचारलं. साडू माझ्या समोरच उभा होता.

त्याने माझा हात धरून आपल्या भाजलेल्या हातावर ठेवला. म्हणाला, साडूभाऊ, हा बघा मी. खाली आलोय. कातडी खरबरीत लागली, गरम लागली. मला पटलं. किल्ली कुलपात घातली. तेल घातलेलं कुलूप, बोटाने फिरलं असतं. मी म्हणालो, एकदा शेवटचं मोजू या.

चार वाजून गेले. बाजाराच्या बाजूला कुणीतरी जनरेटर लावला. मग अजून एकाने. तो आवाज ऐकला आणि मी दोन्ही हातांनी कुलूप धरलं. हॉस्पिटलमधून कंट्रोल रूमला फोन गेले, कंट्रोल रूममधून साहेबांना. साहेब जवळ येऊन हळू म्हणाले, काढा आता. मी म्हटलं, काढतोय साहेब. मला खरंच वाटत होतं की मी काढतोय. गँगमधले बुटांकडे बघत होते.

साहेबांनी साडूला कटर आणायला सांगितलं. साडूने आणला आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. लहान मुलाच्या हातातलं काही काढून घ्यावं तशी, न ओरडता. तिकडे साहेब फोनवर कंट्रोल रूमशी बोलत होते. कुलूप एका माणसाचं राहिलंय, माणूस जागेवर सापडत नाही, तोडतोय. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. मग साहेबांनी कुलूप तोडलं, दांडा ओढला आणि लाइन गुणगुणायला लागली. मी डोळे मिटले. काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही.

साडूने स्कूटरवर घरी सोडलं. वाटेत एकदाही हसला नाही. म्हणाला, सोमवारी त्या बाईंकडे मी नेतो तुम्हाला. मी हो म्हटलं. मला फार भीती वाटते. उन्हाळ्यापासून वाटते.

आज सकाळी फोरमनची जागा साडूला दिल्याचं कळलं. बायकोने दुपारी विचारलं, काल यार्डात नेमकं झालं तरी काय?

म्हटलं, मला नाही माहीत. मी तिथे नव्हतो.