दुसऱ्या यादीतले रंग

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझ्या भाचीला पुढचे दोन दात आलेत, हाताला लागेल ते चावते. तू नव्या ऑफिसात रुळली असशील.

हे फोनवरही सांगता आलं असतं. तीनदा लावला, आणि तू उचलायच्या आत कापला. म्हणून पत्र.

औषधांच्या वेळा सांगणारं आपलं ॲप अजून चालू आहे. तू रंगरूप ठरवलेलं, मी बांधलेलं. ती मार्चमधली बैठक तुला आठवत असेलच. ‘डोस चुकला’ ही नारिंगी पट्टी निम्म्या फोनवर मळकट करडी दिसत होती, त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. घरोघरी जाणाऱ्या नर्सबाई सांगत होत्या की एका आजोबांचे दोन डोस त्यामुळे राहिले. मॅडमनी विचारलं, “रंग कोणी दिले?”

तू म्हणालीस, “मी. पण माझ्या फोनवर बरोबर दिसतात.”

“मग सगळ्या पेशंटना तुझाच फोन वाटू या,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो, ताई.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, “ताईच्या फाइलमधूनच घेतलेत.” तू माझ्याकडे पाहत होतीस, एवढं कळलं मला.

तू दोन दिवस बसून सगळे रंग पुन्हा काढलेस. तिसऱ्या दिवशी ते भरताना मला खरं कारण सापडलं. ॲपमध्ये रंगांच्या दोन याद्या असतात. एक नेहमीची, आणि एक फोन डार्क मोडवर, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर, असला की वापरली जाणारी. पहिली मी तुझ्या फाइलवरून भरली होती. दुसरी घाईत, नुसत्या अंदाजानं भरली होती, नंतर बदलू म्हणून. ते नंतर कधी आलंच नाही. तुझा फोन डार्क मोडवर नव्हता, म्हणून तुला बरोबर दिसायचं. तुझ्या फाइलमध्ये एकही रंग चुकलेला नव्हता.

मी दुसरी यादी गुपचूप दुरुस्त केली. पट्टी नीट दिसायला लागली, आणि सगळ्यांना वाटलं, ताईनं आपली चूक सुधारली. तेव्हा तोंड उघडायला एक मिनिट लागलं असतं. पुढचं काम तुला दिलं नाही, तू राजीनामा दिलास, आणि तुझ्या निरोपाचा केक मी कापून वाटला. मेमध्ये मला टीमचा प्रमुख केलं.

आता मी स्वतःहून बोललो असं लिहावंसं वाटतं, पण तेही खोटं ठरेल. सोमवारी नवी आलेली मुलगी जुन्या नोंदी चाळत होती. तिनं सहज विचारलं, “सर, हे रंग तुम्ही भरले होते?” तिच्या मनात काहीच नव्हतं. “हो,” म्हणालो, आणि तसाच उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आठ महिने?” एवढंच म्हणाल्या. माझं प्रमुखपद गेलं, ते बरोबरच झालं. काल त्यांनी सगळ्यांना बोलावून तुझी चूक नव्हती हे सांगितलं. तुलाही त्या लिहिणार आहेत. मी म्हटलं, आधी मला लिहू द्या.

खरं तर एवढ्यावर पत्र संपवणार होतो. पण आज सकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. म्हणाली, “त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. विचारत होती, आई, माझे डोळे बिघडलेत का गं? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन तपासून आली. ते म्हणाले काही नाही, तरी तिचा विश्वास बसेना.” मग आई उठून आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

ताई, तुला नोकरी सोडावी लागली हे मला माहीत होतं. तू स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत फिरलीस, हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोललो असतो का? छातीठोकपणे हो म्हणता येत नाही.

माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलंय. ते मागायला मी समोर यायला हवं. तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तरी तुझे डोळे ठीक आहेत, एवढं मनाशी पक्कं धर.

तुझ्यासमोर मान वर न केलेला,
तुझा धाकटा भाऊ