काठावरचा दुसरा माणूस

४ मार्च
काल भाऊजींना पोचवून आलो. ताईचा नवरा, पंचवीस वर्षं पाणबुड्या! धरणाच्या दाराची जाळी साफ करायला अठरा मीटर खाली उतरले. हवेची नळी अडकून पिचली. पाठीवरची छोटी टाकी आठ मिनिटांची. वर आणलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

७ मार्च
कंपनीचे मॅनेजर घरी आले. ताईसमोर म्हणाले, "परवाना, वैद्यकीय दाखला, सगळं चोख होतं हो." चोख! माणूस गेला, कागद ठणठणीत.

८ मार्च
ताईने विचारलं, "फार त्रास झाला असेल का रे त्यांना?" "नाही," म्हटलं. खोटं.

१२ मार्च
लिहितोच. नियम साधा आहे — एक जण खाली, तर दुसरा काठावर, सूट चढवून, उडी मारायच्या तयारीत. त्या दिवशी दुसरा मी होतो. रजिस्टरात! सही आदल्या संध्याकाळीच केलेली. सकाळी मॅनेजरांनी दुसऱ्या साइटवर पाठवलं — "तासाभराचं काम, एकटे उरकतील." आम्ही सगळेच हे करत आलो. नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. निरोप आला तसा गाडी हाणत आलो, उतरलो, मीच त्यांना वर काढलं. हातांनी जाळी घट्ट धरलेली. एकेक बोट सोडवावं लागलं.

१६ मार्च
मॅनेजरांचा फोन. "चौकशीत सांगा, तुम्ही काठावरच होता, लगेच उडी मारली. तुमचा परवाना वाचेल, आमचं कामही." म्हणजे मी शूरवीर! थुंकावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना.

२३ मार्च
चौकशी. तीन साहेब, ताई मागच्या बाकावर. खरं काय ते सांगून टाकलं. मोठे साहेब पुटपुटले, "असं सगळीकडेच चालतं हो." कारकुनाचं पेन थांबलं. "लिहा ना!" मी ओरडलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

३० मार्च
निकाल. माझा परवाना कायमचा रद्द. कंपनीला — समज! आणि नवा नियम: रजिस्टरात यापुढे एकाऐवजी दोन सह्या. सुरक्षेसाठी म्हणे.

३१ मार्च
ताईकडे गेलो. दारातच म्हणाली, "उतरायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता. तुझा भाऊ आज आलाच नाही, म्हणाले. निदान मला तरी आधी सांगशील म्हणून तीन आठवडे वाट बघितली मी. आता येत जाऊ नकोस."