दातांचं औषध आणि तुझं बोट

आई, आज नातीला घेऊन वाकडला दातांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांना फ्लोराइडचं औषध लावलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही." तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते ऐकलं आणि तुझं बोट एकदम डोळ्यांपुढे आलं.

पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच सुरू झालेला, मी दुसरीत. पुण्याहून एक बाई शाळेत यायच्या, आम्हाला ओळीत बसवायच्या, काडीला कापूस गुंडाळून एकेकीच्या दातांवरून औषध फिरवायच्या. कीड लागू नये म्हणून. आपल्याकडे घड्याळ कुठलं! घरी आले की तू मला उंबऱ्यात बसवायचीस आणि दटावायचीस, "कारखान्याचा भोंगा हुईस्तोवर पानी मागायचं न्हाई." मला तुझा भारी राग यायचा.

तिसऱ्या खेपेला तू शाळेच्या फाटकाशीच उभी. माझा दंड धरून कुंपणामागे नेलंस. "आ कर." मी आ केला, तर तू बोट घालून माझ्या दातांवरचं ओलं औषध पुसून घेतलंस आणि तोंडावरचा पदर सारून आपल्या दाढेला चोळलंस. मी हबकलेच. तू हसतानासुद्धा तोंडाला पदर लावायचीस, ती मला बायकांची रीतच वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा आत पाहिलं. नुसते काळे खुंट. "लई ठनकतंय गं. आजून येकदा," म्हणत तू पुन्हा बोट घातलंस आणि मी कचकन चावले. रक्त आलं. तू बोट पदरात गुंडाळून म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. भोंगा हुईस्तोवर पानी पिऊ नको, म्हंजे झालं."

आज डॉक्टरीणबाईंना विचारलं, किडलेल्या दाढेला हे लावलं तर ठणका थांबतो का? "नाही हो आजी, हे कीड लागायच्या आधीचं औषध." घरी येऊन तुझं वय मोजलं. तू तेव्हा पंचविशीचीही नव्हतीस! मला अजून खरं वाटत नाही. माझ्या लेखी तू कायम म्हातारीच होतीस. त्या तोंडाने तू भाकरी कशी खात होतीस, हे मी एकदाही विचारलं नाही.

हे पत्र धाडायचं कुठे? घडी करून साड्यांखाली ठेवते. "चुकून चावले," असं मी तेव्हा रडत रडत सांगितलं होतं आणि तू मान डोलावलीस. चुकून नव्हतं, आई. मला तुझी किळस आली होती.