क्लीनरची बाजू

५ जानेवारी, रविवार

ह्यांच्या ट्रकचा डावा आरसा पुन्हा फुटला. दिवाळीपासून तिसऱ्यांदा. म्हणाले, लिंबेजळगावजवळ एक टेम्पोवाला घासून गेला. मागच्या वेळी खांब होता, त्याआधी गोडाऊनचं गेट. तिन्ही वेळा डावीकडं. मी चहा दिला. कप डाव्या हाताशी ठेवला होता, पेपर उचलताना कोपर लागून सांडला. "इथं कशाला ठेवतीस?" मी वर्षानुवर्षं तिथंच ठेवते.

 

८ जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर परस्पर शहागंजला गेले, संक्रांतीचे तीळ घ्यायला. रशीदभाई दिसले. अकरा वर्षं ह्यांच्या गाडीवर क्लीनर होते. दिवाळीत मालकानं सगळ्या गाड्यांचे क्लीनर कमी केले, आता एका गाडीवर एकच माणूस. रशीदभाई मेहुण्याच्या चपलांच्या दुकानात बसतात. मला बळंच स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी सहज आरशाचं सांगितलं.

हातात चप्पल होती, ती तशीच धरून बसले. मग म्हणाले, "भाभी, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. तीन साल से बाएं का मैंच देखता था. उनको उधर का दिखता नै."

मी हसले. म्हटलं, डावी बाजू क्लीनरचीच असते, सगळ्याच गाड्यांवर तो ओरडून सांगतो, त्यात काय.

"हौ, सब बोलते. पर मेरे बोलने के बाद डिरायवर एक बार खुद बी देखता. दत्ताभाऊ मान भी नै फिराते थे."

तीळ दुकानातच विसरले. बसमध्ये माझा बजाजनगरचा स्टॉप मागे पडला तेही…

९ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी हे जेवत होते. मी भाकरी घेऊन डाव्या अंगाला उभी राहिले, दोन हातांच्या अंतरावर. मुद्दाम. काही बोलले नाही. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, वाट बघितली, मग स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "शैला, भाकरी आण की."

मी तिथंच होते.

१२ जानेवारी, रविवार

मी बोलले शेवटी. हे भडकले. "रशीद्यानं कान भरले व्हय?" मग माझ्या गोळ्यांची पट्टी उचलली आणि कडेला छापलेलं बारीक बारीक सगळं वाचून दाखवलं. चष्म्याशिवाय. मला चष्मा लावूनही ते येत नाही. "आंधळी तू हायस, मी नाय. मास्तरीण हायस म्हणून माझी परीक्षा घेऊ नको." मीही हसले. पाच मिनिटं सुखात गेली. खरंच दिसत असेल, माझंच काहीतरी…

मग ते उठले आणि दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला. 

संक्रांत झाल्यावर एकदाच डॉक्टरकडं यायला कबूल झाले.

१६ जानेवारी, गुरुवार

डोळ्यांचा दवाखाना. आधी फळा वाचायला लावला. शेवटची ओळसुद्धा घडाघडा. माझ्याकडं वळून बघितलं, पास झालेल्या पोरासारखं. मग आत एक यंत्र. त्यात हनुवटी ठेवायची, समोर बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं बसले होते. बटणाचा टकटक आवाज ऐकत होते. टक टक, मग बराच वेळ काही नाही. त्या मधल्या शांततेत माझा जीव जात होता. वाटत होतं, दाबा ना, अंदाजानं तरी दाबा.

डॉक्टर मुलगी तरुण, गोड बोलणारी. काचबिंदू म्हणाली. मधली नजर शाबूत आहे, म्हणून फळा वाचता येतो. कडेची गेली आहे. डावीकडचं दोन्ही डोळे मिळूनही जवळजवळ काहीच दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी उरलेलं टिकवायचं. मोठी गाडी चालवायची नाही.

मी विचारलं, काही सूट नसते का? काहीतरी अट घालून? म्हणाली, "चष्म्यानं भागतं तिथं चष्म्याची अट घालतात. याला चष्मा नाही, ताई."

रिक्षात हे एवढंच म्हणाले की थेंबांची वेळ तू लक्षात ठेव.

१८ जानेवारी, शनिवार

लायसन नव्यानं करायची तारीख जवळ आली आहे. हे एकटेच दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन सर्टिफिकेट घेऊन आले. मला वाटलं होतं पैसे देऊन आणलं असेल. तसं नाही. त्या बिचाऱ्यानं सगळं रीतसर तपासलं. फळा, रंग, पार दाराबाहेर नेऊन रस्त्यापलीकडच्या स्कूटरचा नंबर वाचायला लावला. ह्यांनी नंबर वाचला, वर तिच्यावर चिकटवलेलं पोराचं नावही वाचलं.

काचबिंदूचं सांगितलंत का?

"त्यानं विचारलं नाय. कागदात असंल काही, मी सही केली."

कागद खरा, शिक्का खरा. मला त्या कागदाचीच भीती वाटते. आता ह्यांना थांबवणारं बाहेर कुणी उरलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

जालन्याची फेरी होती. म्हटलं, मी येते. रशीदभाईंच्या जागेवर बसले. केबिन एवढी उंच, की खालची माणसं डोक्यांवरूनच ओळखायची. चिकलठाण्याच्या पुढं एक मोटारसायकल डावीकडून घुसली, नवरा, बायको, मधे मूल. मी ओरडले, "थांबा." क्षणात ब्रेक. ती माणसं पुढं गेली. मी म्हटलं, "घ्या आता." ह्यांनी घेतली. मान वळवली नाही. नुसत्या माझ्या शब्दावर. मला साधी स्कूटी येत नाही आणि माझ्या "घ्या"वर एवढं लोखंड वळत होतं.

हे मात्र खुशीत. "रशीदपेक्षा तू बरी, तंबाखू थुंकत नाहीस." येताना म्हणाले, शाळेत महिनाभर रजा टाक की.

घरी आल्यावर मी किती रजा उरल्यात ते मोजलं. खरंच मोजलं.

२१ जानेवारी, मंगळवार

रशीदभाईंकडं गेले. विचारलं, मालकाच्या हाता-पाया पडून तुम्हाला परत ठेवून घेतलं तर याल का? बराच वेळ खोक्यात चपला भरत राहिले. मग म्हणाले, गाडीवरून उतरले त्या दिवशी तीन वर्षांनी पहिल्यांदा डोळा लागला. बायकोनं उठवलं तरी उठले नाहीत.

मी म्हटलं, मग मी बसते.

"नक्को भाभी. आप बैठे तो गाडी चलेगी. मैं बैठा था इसीलिए चली."

दुकानात गिऱ्हाईक आलं. मी निघाले.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलं. म्हटलं, मी तुमच्या गाडीत पुन्हा बसणार नाही, आणि तुम्हीही चालवू नका. रागावतील वाटलं होतं. रागावले नाहीत. "एकोणतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, शैला. एक माणूस माझ्या चाकाखाली आला नाय. उतरून काय करू? रशीद्याच्या शेजारी चपला विकू?" मालकाला आपणच सांगू, तो गोडाऊनमध्ये काम देईल, असं मी म्हणत राहिले. ते तळहात बघत होते.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून रडले. त्यांना कळलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण मी जाणूनबुजून त्या बाजूला बसले होते.

२७ जानेवारी, सोमवार

हे पहाटे गाडी घेऊन चाकणला गेले. मी दारातून नुसती बघत राहिले. किल्ली लपवायचं मनात आलं होतं, झालं नाही.

शाळेत रस्ता सुरक्षेचा धडा. दुसरीची पोरं. मी सांगायचं आणि त्यांनी एका सुरात म्हणायचं: रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालावं. तिसऱ्या वेळी मी सांगायची थांबले. पोरं आपली म्हणतच राहिली, डाव्या बाजूनं चालावं, डाव्या बाजूनं चालावं. अठ्ठेचाळीस पोरं. मी खडू ठेवून बाहेर आले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले.

रात्री फोनवर म्हणाले, पोचलो, माल उतरवला, उद्या रिकामी गाडी घेऊन येतो. आवाज नेहमीचा.

२८ जानेवारी, मंगळवार

पावणेपाचला दवाखान्याच्या रिपोर्टचा फोटो मालकाला पाठवला. खाली लिहिलं: ह्यांना डावीकडचं दिसत नाही. कृपया गाडी देऊ नका. दुसरं काही काम द्या. — शैला. हे सोपं नव्हतं, पण तीन ओळीच झाल्या. मेसेज पोचला. उघडलेला नाही.

मग वाटलं, ह्यांना माझ्या तोंडून कळायला हवं, मालकाच्या नाही. फोन लावला. उचलला. मागं इंजिनाचा आवाज.

मी म्हटलं, गाडी चालू आहे का?

"व्हय. नेवासा फाटा सोडला. उसाच्या बैलगाड्या लई हायेत आज. बोल."

चालवताना कसं सांगू? हात सुटला, ब्रेक लागला… म्हटलं, काही नाही, सावकाश या. कडेला घेता का जरा, चहा घ्या, मग बोलू.

"चहा घरीच घेतो. घाबरतीस कशाला? उजवीकडनं गाड्या चालल्यात, डावीकडं सगळं मोकळंय."

फोन ठेवला त्यांनी.

मेसेज अजून पुसता येतो. अंगठा त्यावर ठेवून बसले होते, उचलला. आता गोदावरीच्या पुलावर येत असतील. सव्वापाच. मालकानं अजून बघितलं नाही.