आखाड्यातला जोडा

ता. १२ मार्च १९५८, पौड
टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राहिला. जागा तालमीची, वस्ताद रामभाऊंच्या शब्दावर मिळालेली. रविवारी गावची बैठक. वस्ताद हो म्हणाले तर इथंच पत्र्याचं कायमचं थेटर. सौ. म्हणते, "आता एका जागी चूल मांडू द्या. पोरीला एक शाळा तरी पुरी करू द्या." खरंय. दर मुक्कामी नवा मास्तर.
नवं चित्र आमच्या ऑपरेटर इस्माईलनं मशीनवर चढवून दाखवलं. जादूची तलवार, उडता घोडा, राक्षस, मारामाऱ्या. घोड्याची तार उघड दिसते. गाणी फार. गोष्टीला बूड नाही. पण पळतं असं, की विडी हातात विझते. राजकन्या तलवार चालवते, तो हात मात्र शिकलेला.

ता. १३
तंबू भरला. लवळ्या-उरवड्याची माणसं चालत आली. मी नेहमीसारखा कनातीबाहेर, कान लावून. बायकांच्या बाजूनं,
"राजापरीस राकुसच बरा दिसतुया गं."
"घिऊन जा मग घरी."
मग कुस्ती आली. नायक आखाड्यात उतरला तो पायात जरीचा जोडा घालून. वस्ताद पहिल्या रांगेतून उठले, मागोमाग सगळे पैलवान. चालते झाले.
मला तार दिसली होती, जोडा नाही. आता रविवारी काय...

ता. १४
सकाळी वस्तादांकडे. म्हणाले, "तेल, ताक, हळद घालून मळतो आमी ती माती. कपाळाला लावतो. त्यात जोडा?"
म्हटलं, ती चित्रातली, मुंबईची माती.
"मुंबईची झाली म्हंजी माती न्हाई व्हय?"
संध्याकाळच्या खेळाला इस्माईलची युक्ती. मशीनच्या काचेपुढं पुठ्ठा धरला, पडद्याचा खालचा भाग झाकला. पाय गेले, पण नायक कमरेपासून वरच उरला. मागून कोणीतरी, "राकसानं निम्मा खाल्ला रं." तंबू जो हसायला लागला, तो राक्षस मेला तरी थांबेना. चित्राचं मातेरं.

ता. १५
पुन्हा तालमीत. जोडे बाहेर काढले, दाराशीच बसलो. म्हटलं, वस्ताद, चित्र परत पाठवतो.
"कशाला? घोडं उडालं तवापास्नं आमची नात दुसरं बोलंना झालीया. चित्र चांगलं हाय. कुस्तीच तेवढी खोटी. ती आमी खरी दावतो."
जमलं. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलताना खेळ थांबतोच. कुस्ती नव्या रिळाच्या तोंडाशी. तेवढा तुकडा इस्माईलनं काच झाकून फिरवायचा. तोवर पडद्यापुढं, गॅसबत्तीच्या उजेडात, खरे पैलवान.
तालमीतली माती पाट्यांनी आणून पसरली. लगेच वस्तादांचा हुकूम: "जोडं भाईर. समद्यांचं." सगळा तंबू अनवाणी. मीही. इस्माईलसुद्धा.
कुस्ती अशी रंगली की ओरडा पिरंगुटपर्यंत गेला असेल. त्याच जोरात पुढचं चित्र चढलं. तार दिसली, कोणी हसलं नाही. वस्ताद शेवटपर्यंत बसले. राजकन्येची तलवार निघाली तेव्हा शेजारच्याला म्हणाले, "पोरीचा पाय बरूबर पडतुया. त्या गड्याला हिच्याकडं शिकाया घाला."
सुटल्यावर बाहेर चपलांचा ढीग. कोणाची कोणाच्या पायात. भांडणं, हसणं.

ता. १६
बैठक झाली, निकाल नाही. दोघे-तिघे म्हणाले थेटरनं पोरं बिघडतील. वस्ताद फक्त "बघू" म्हणाले. विषय पाडव्यानंतर.
सौ.: "बघू म्हणजे हो की नाही?"
मला तरी काय ठाऊक. इतकी वर्षं लोकांच्या आवाजावर पोट भरलं, पण या "बघू"चा अर्थ लागेना.
दुपारी एक पैलवान आला. मी विचारलं, तुमची माती कधी नेताय? पडद्यापुढची जागा अडलीय. तो वस्तादांना विचारून परत आला.
"ऱ्हाऊ द्या म्हनले तितंच. सांजच्याला ताक घालून मळायची हाय."
सौ. आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिनं विचारलं, ताकाची घागर कुठं ठेवू म्हणून.